दर तासाला दोन घोट

"सिस्टर, वर या. लगेच."

फोनवर प्राची मॅडम होत्या. आमच्या कारखान्यातल्या क्यूए ऑफिसर. क्यूए म्हणजे सगळं काम कागदावर लिहिल्याबरहुकूम चाललंय की नाही, हे बघणारं खातं. वय माझ्या धाकट्या मुलीएवढं, पण आवाज परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणाऱ्या बाईंचा. मला वाटलं, कुणीतरी चक्कर येऊन पडलं. बीपीचं मशीन आणि ग्लुकोजचा पुडा उचलला आणि जिना चढले.

कुणी पडलं नव्हतं. पॅकिंग हॉलच्या काचेच्या दाराबाहेर रंजना उभी होती. पांढरा गाऊन, पांढरी टोपी, तोंडाला मास्क. दिसत होते ते फक्त डोळे. गाऊनवर कमरेपाशी पिवळा डाग पडला होता. शेजारच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाची एक छोटी बाटली ठेवलेली. झाकण सैल, तळाशी थोडं पिवळं पाणी.

"हिच्या गाऊनच्या आत सापडली. एक थेंब इन्स्पेक्शनच्या टेबलावर पडलाय," प्राची मॅडम म्हणाल्या. "काय आहे हे? केमिकल आहे का, तेवढं सांगा."

मी पिशवी उघडून वास घेतला. आलं, ओवा, हळद आणि वर गवती चहा. स्वतःच्या हातचं कालवण माणूस डोळे मिटूनही ओळखतो.

"माहीत नाही" म्हणाले असते तर विषय माझ्यापुरता संपला असता. रंजनाचे डोळे तेच सांगत होते, म्हणा माहीत नाही. पण मला कुणासाठीच धड खोटं बोलता येत नाही. ऐन वेळी ततपप होतं.

"काढा आहे," मी म्हटलं. "पाळीत पोट दुखतं त्यावरचा. रेसिपी माझी आहे."

प्राची मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू बाटली माझ्याच कमरेला सापडली होती.

इथे कारखान्याबद्दल थोडं सांगायला हवं. मुरबाडच्या एमआयडीसीत आमच्याकडे गोळ्यांचं पॅकिंग होतं. गोळ्या दुसरीकडून तयार होऊन येतात. आमच्याकडे त्या स्ट्रिपमध्ये बसतात, स्ट्रिप डबीत, डबी खोक्यात. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्या गोळ्या दुखण्यावरच्या. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर मी इथल्या फर्स्ट एड रूममध्ये लागले. रोज सकाळी शहापूरहून एसटीने मुरबाड. तीस वर्षं बाळंतपणं आणि लसीकरण केलेल्या बाईला कापलेल्या बोटावर पट्टी बांधायचं काम म्हणजे आरामच, असं घरचे म्हणायचे.

आराम पहिल्याच महिन्यात संपला. पॅकिंगला सगळ्या बायका. पंधरा-वीस दिवसांत माझ्या ध्यानात आलं की फर्स्ट एड रूमच्या कॉटवर बोट कापलेलं माणूस क्वचित येतं. येतात त्या पोट दाबून वाकलेल्या बाया. सुपरवायझर मागून फोन करायचा, "सिस्टर, किती वेळ लागेल? नाटक असेल तर परत पाठवा." त्याच्या जन्माला बाईच कारण झाली होती, हे मी त्याला एकदा फोनवर सांगितलं. त्यानंतर तो फोन करायचा थांबला, माणसं पाठवायचाही थांबला.

गोळी द्यावी तर दुसरंच. या बाया सिद्धगड किल्ल्याच्या बाजूच्या पाड्यांतून, गावांतून शेअर जीपने येतात. जीप पहाटे सुटते, पोटात सकाळचा घोटभर चहा. रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी घेतली की दुखणं थांबतं आणि छातीत जळायला लागतं. म्हणून त्या माझ्याकडून गोळी घ्यायच्या आणि न खाता पदराच्या गाठीला बांधायच्या. मला खिडकीतून दिसायचं.

मग मी माझ्या आईचा काढा काढला. बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, अर्धा चमचा ओवा, तेवढीच बडीशेप, गवती चहाची तीन पाती, पाव चमचा हळद आणि हळद अंगी लागावी म्हणून दोन मिरे कुटून. चार कप पाणी उकळून तीन कप करायचं. गूळ चवीपुरता, थोडा कोमट झाल्यावर. आलं आणि हळद आतली सूज, दाह थोडा कमी करतात. ओव्याने वात सरतो. उबेने पेटके सैल होतात. यात जादू काही नाही. सगळ्यांना गुण येतो असंही नाही, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय प्यायचाच नाही. कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांना विचारलं. "द्या की, चहासारखंच आहे," म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

पाळीच्या दोन दिवस आधीपासून आणि चालू असताना थोडा थोडा प्यायला तर जास्त बरं वाटतं. एकदम ग्लासभर ढोसून उपयोग नाही. म्हणून मी मोठ्या अक्षरांत कागद लिहिला, झेरॉक्स काढून वाटला. कागदाच्या शेवटी ठळक ओळ होती: दर तासाला दोन घोट.

हीच ती ओळ. पुढचं सगळं महाभारत तिच्यावरून झालं.

रंजना हरड सव्वीस वर्षांची. सिद्धगडाकडच्या एका गावात सासर. इन्स्पेक्शनवर तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. स्ट्रिपा समोरून सरकत असतात, त्यातला एखादा खण रिकामा राहिला किंवा गोळीचा कपचा उडालेला असला तर तो टिपायचा, हे काम. ती गप्पा मारता मारता टिपायची. ट्रेनी म्हणून दोन वर्षं होत आली होती आणि त्याच महिन्यात तिला कन्फर्मेशनचं पत्र मिळायचं होतं. कन्फर्म म्हणजे पर्मनंट. त्या गावात पर्मनंट नोकरी असलेली ती पहिली बाई झाली असती.

रंजनाचं दुखणं मात्र बाकीच्यांसारखं नव्हतं. बाकीच्या दोन दिवस वाकायच्या आणि सरळ व्हायच्या. हिची पाळी जाऊन आठवडा झाला तरी ही कंबर धरून. संडासला बसलं की आतून कुणी पीळ घातल्यासारखं, असं तिनं मला सांगितलं. मग दाराकडे एकदा बघून म्हणाली, "सिस्टर, घरी पण… नवऱ्याजवळ पण… लई दुखतं वो. त्यांना सांगवत नाय." चार वर्षं लग्नाला झाली होती, मूल नव्हतं.

मी डॉक्टर नाही. पण तीस वर्षं बायकांच्या पोटावर हात ठेवलाय. मला एंडोमेट्रिओसिसचा संशय आला. सोपं करून सांगते. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही जणींच्या पोटात गर्भाशयाबाहेर वाढतं. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यावर कुठेही. दर महिन्याला आतलं अस्तर सुटून बाहेर जातं. हे बाहेरचंही फुगतं, रक्त सोडतं, पण त्याला जायला वाटच नसते. मग आत सूज, जखमा, एकमेकांना चिकटलेले अवयव. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसतही नाही. रंजनाची मुरबाडला केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली होती. तेव्हापासून घरीदारी सगळ्यांनी ठरवलं होतं की हिला दुखत नाही, हिला दुखायची हौस आहे. जावं त्याच्या वंशा म्हणतात ते उगीच नाही.

"कल्याणला बायकांच्या डॉक्टर आहेत, चिठ्ठी देते, जाऊन ये," मी तिला तीन महिने सांगत होते.

"कन्फर्म झाले की जाते. आता रजा मागितली तर पत्र नाय देणार. तवर तुमचा काढा हाय ना. त्यानं बरं वाटतं, उभं राहवतं."

मला बरं वाटायचं ते ऐकून. खोटं कशाला बोलू? माझ्या काढ्याचं कौतुक होतं ते.

तर त्या दिवशी लाइन थांबली. टेबलं पुसली, सकाळपासूनच्या सगळ्या खोक्यांवर 'होल्ड'ची स्टिकरं लागली. गोळ्या स्ट्रिपमध्ये सीलबंद होत्या, काढ्याचा थेंब आत जाणं शक्य नव्हतं. तरी नियम तो नियम, आणि तो नियम चुकीचा नव्हता हे मी आधीच सांगते. ते औषध कुणाच्या तरी पोटात जाणार असतं. तिथे खायला-प्यायला बंदी हवीच. माझं भांडण नियमाशी नव्हतं.

प्राची मॅडमनी डेव्हिएशनचा फॉर्म उघडला. ठरवून दिलंय त्यापेक्षा काहीही वेगळं घडलं की त्याला डेव्हिएशन म्हणतात. फॉर्मवर एक रकाना असतो 'रूट कॉज'. म्हणजे मूळ कारण. तो भरल्याशिवाय फॉर्म बंद होत नाही आणि फॉर्म बंद झाल्याशिवाय माल बाहेर जात नाही.

रंजनाला खाली माझ्याकडे बसवलं होतं. मी तिला विचारलं, "बाटली आत कशाला नेलीस गो? बाहेर येऊन प्यायचीस. थर्मास माझ्याकडे भरलेला असतो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही तरी बालिश विचारलं होतं. "कशी येणार बाहेर?"

मग तिनं सांगितलं. हॉलमध्ये जायला गाऊनिंग करावं लागतं. बाहेरच्या खोलीत चपला काढायच्या, हात धुवायचे. दुसऱ्या खोलीत घरच्या कपड्यांवर गाऊन, टोपी, मास्क, पायांत कंपनीचे बूट आणि त्यांवर कव्हर. परत हात. मग आत. बाहेर यायचं तर हे सगळं उलट, आत जायचं तर पुन्हा नवा गाऊन. तुमच्या जागी उभी राहायला रिलीव्हर लागते, आणि तीन लाइनींना रिलीव्हर एक. चहाची सुट्टी दहा मिनिटं. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. पाळीतही नाही पीत. जेवणाच्या सुट्टीत तेवढं तोंड ओलं करायचं.

"बाकीच्या काय करतात मग? कागद तर सगळ्यांना दिलाय मी."

"घरी सकाळी एकदाच पितात. तुमचा कागद वाचून हसल्या सगळ्या. दर तासाला दोन घोट! मी म्हटलं, हसा. माझ्यानं नाय राहवत."

मी कॉटवर बसले. त्या कारखान्यात मला दोन वर्षं झाली होती. मी पॅकिंग हॉलमध्ये एकदाही गेले नव्हते. फर्स्ट एड रूम खाली, हॉल वर. मला तिथे जायचं कामच नव्हतं. जिथे पाणी प्यायला मिळत नाही, तिथे दिवसभर उभ्या असलेल्या बायकांना मी तासातासाने प्यायचा काढा लिहून दिला होता. आणि जिनं माझं लिहिणं खरं मानलं, तिचीच नोकरी चालली होती.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती, ती मला त्याच वेळी कळली. माझा काढा रंजनाला बरं करत नव्हता. माझा काढा तिला लाइनवर उभं ठेवत होता. त्याच्या जोरावर ती तीन महिने डॉक्टरकडे जायचं टाळत होती. मला माझाच राग आला. राग आला की मला काम सुचतं, हे एक बरं आहे.

दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग. प्लँट हेड साठे साहेब, प्राची मॅडम आणि मी. साठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त माल वेळेवर बाहेर जायला हवा होता, आणि त्यासाठी रकाना भरायला हवा होता. फॉर्म भरूनच आला होता. रूट कॉज: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ट्रेनीला कमी करणे. त्याखाली माझ्यासाठी एक वाक्य: सदर पेय फर्स्ट एड रूमने दिलेले नाही.

"सिस्टर, इथे सही करा. तुमच्यावर काही येत नाही," साहेब म्हणाले.

माझे वडील आम्हा भावंडांना विहारात बसवून अक्षरं गिरवायला लावायचे. त्यांचं एकच सांगणं होतं, सही शिकलात की वाचल्याशिवाय करू नका. मी चष्मा लावून वाचलं. मग पेनाचं टोपण लावलं.

"सर, हे खरं नाही. पेय मी दिलंय. झेरॉक्स काढून दिलंय. ही घ्या एक प्रत."

"तुम्ही आत न्यायला नव्हतं सांगितलं ना?"

"दर तासाला प्यायला सांगितलं होतं. ती आठ तास आत असते. दुसरं काय केलं तिनं?"

"सिस्टर, तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेताय."

"होऊ दे. माझी पेन्शन चालू आहे, सर. सही करून रात्री झोप लागायची नाही, ते नुकसान मला परवडत नाही."

प्राची मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही मागच्या ट्रेनिंगला शिकवलं होतं, काही चुकलं की पाच वेळा 'का' विचारायचं. फाइव्ह व्हाय. मूळ कारण माणसापाशी थांबलं तर समजायचं, आपण नीट विचारलं नाही. तुमचेच शब्द आहेत. या फॉर्मवर किती वेळा विचारलंय?"

त्यांनी फॉर्म बघितला. "एकदा," त्या हळूच म्हणाल्या.

"मग विचारूया की. बाटली आत का गेली? दुखत होतं म्हणून. बाहेर येऊन का नाही प्यायली? वेळ नाही आणि रिलीव्हर नाही म्हणून. रिलीव्हर का नाही? ते तुम्ही सांगा, सर. आणि एवढं दुखतं तर डॉक्टरकडे का नाही गेली? रजा मागितली की पत्र जातं म्हणून. हे कुणी ठरवलं?"

"असा काही लेखी नियम नाही," साहेब म्हणाले.

"लेखी नसेल. बायकांना पाठ आहे."

साहेब जरा चिडले. "बाहेर येऊन पाणी पिऊन परत जायला असा किती वेळ लागतो? पाच मिनिटं. उगाच राईचा पर्वत."

"चला ना, सर. आत्ता गाऊन घाला, आत जा, बाहेर येऊन दोन घोट पाणी प्या आणि परत आत जा. मी घड्याळ बघते."

"मला एवढा वेळ नाही, सिस्टर."

"त्यांनाही नसतो, सर."

तेवढ्यात गेटवरून सिक्युरिटीचा फोन वाजला. एक म्हातारी बाई आलीय, बाटली आपली आहे म्हणते, हटत नाही. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि पाठवा म्हणाले.

रंजनाची सासू होती. शेअर जीपने एकटी आली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात गवती चहाची जुडी. एसीच्या खोलीत येऊन ती खुर्चीवर बसलीच नाही.

"बाटली माझी हाय," ती म्हणाली. "तिनं नाय आणली. मी तिच्या कपड्यात घातली, तिला ठाऊक पण नाय. आमी भात लावाया जातो तवा कमरेला पानी बांधून जातो. तुमच्याकडं बाईमाणसाला पानी प्यायला बंदी हाय, ह्ये मला काय म्हायती?"

धडधडीत खोटं होतं. बाटली रंजनानेच बांधली होती, मला ती स्वतः बोलली होती. पण इतकं सरळ नजरेने बोललेलं खोटं मी आयुष्यात ऐकलं नाही.

"आजी, प्रश्न तसा नाहीये…" साहेब सुरू झाले.

"मंग कसा हाय? मला पण दुखायचा. लई दुखायचा. आमच्या टायमाला बोलायची सोय नव्हती. ही घरात आली, वाकली, तर मी पण बोलले, नाटकं करते. मंग एकदा न्हाणीत पडलेली बघितली. तवापासून काढा मीच उकळते, माझ्या परसातला आला, माझ्या परसातली पात. कामावरून काढायची तर मला काढा. पर मी कुठं तुमच्या कामावर हाय!"

हसू आवरायला मी फॉर्मकडे बघितलं. रूट कॉजचा रकाना एक, आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या आम्ही तिघी. माझी रेसिपी, सासूची बाटली, रंजनाची कंबर.

प्राची मॅडम उठल्या. म्हणाल्या, "मी जाते." त्या गाऊन घालून आत गेल्या, बाहेर आल्या, दोन घोट पाणी प्यायल्या आणि परत आत गेल्या. मी काचेबाहेर उभी राहून घड्याळ बघितलं. सराईत बाईच्या हाताने, मधे रांग नसताना, अठरा मिनिटं लागली. परत येऊन त्यांनी तो आकडा फॉर्मवर लिहिला. मग साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "सर, हॉलमध्ये राउंड असतो त्या दिवशी मीही सकाळपासून पाणी पीत नाही. मला हे डेव्हिएशन आहे असं कधी वाटलंच नव्हतं."

त्या एका वाक्याने, मी त्यांना पाच वेळा 'का' विचारायला लावल्याचं सार्थक झालं. आधी ज्या बाईचा मला राग यायचा, तिच्याबद्दल मला त्या क्षणी माया वाटली. तसं मी तिला सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

निकाल असा लागला. सही न झालेला फॉर्म रद्द झाला आणि नव्या फॉर्मवर रूट कॉजच्या रकान्यात 'पिण्याच्या पाण्याची सोय व बदली कामगार अपुरे' असं लिहिलं गेलं. प्राची मॅडमनी ते पेनाने लिहिलं आणि साहेबांना ते खोडता आलं नाही, कारण खाडाखोड हेसुद्धा डेव्हिएशन. माल तपासून सुटला. बाहेरच्या खोलीत, गाऊनिंगच्या दाराअलीकडे, पाणी प्यायची जागा झाली. प्रत्येक लाइनला एक रिलीव्हर मिळाली. तिथे आता एक थर्मासही असतो, आणि तो सकाळी भरायचं काम बायकांनी आपापसात वाटून घेतलंय.

रंजनाला लेखी वॉर्निंग मिळाली, ती मिळायलाच हवी होती, आणि तिचं पत्र तीन महिने लांबलं. ते तीन महिने मी फुकट जाऊ दिले नाहीत. चिठ्ठी लिहून तिला आणि तिच्या सासूला कल्याणच्या एसटीत मी स्वतः बसवलं. दुर्बिणीची तपासणी झाली. पोटाला छोटं छिद्र पाडून आत कॅमेरा घालतात, ती. एंडोमेट्रिओसिस होतं. डाव्या अंडाशयावर बारीक गाठ, आणि ते अंडाशय आतड्याला चिकटलेलं. निदान ऐकून रंजना रडली. मी धीर द्यायला लागले तर म्हणाली, "दुखून नाय रडत, सिस्टर. खरं निघालं म्हणून रडते."

तिचे उपचार चालू आहेत. दुखणं गेलेलं नाही, निम्म्यावर आलंय. पर्मनंटचं पत्र मिळालं. मूल होईल की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. सासूने तो प्रश्न विचारणं सोडलंय, आणि गावात दुसऱ्या कुणी विचारला तर ती त्याला गवती चहाच्या जुडीने बडवायला निघते.

मला मेमो मिळाला. 'डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पेयाची सूचना वाटल्याबद्दल.' पेपर वाचता वाचता दिलेली परवानगी लेखी नव्हती, हे खरंच होतं. मी मेमो घडी घालून पर्समध्ये ठेवला नाही. फर्स्ट एड रूमच्या भिंतीवर, काढ्याच्या कागदाशेजारी, टाचणीने लावला. येणाऱ्या बाया दोन्ही वाचतात.

काढ्याच्या कागदात मी दोन बदल केले. शेवटी आता लिहिलंय: तीन पाळ्या असंच दुखलं तर काढा पुरे, डॉक्टर गाठा. आणि पहिल्या ओळीवर, आल्याच्याही आधी, लिहिलंय: आधी प्यायची जागा शोधा. नसेल तर माझ्याकडे या, आपण मागू.